गुरांच्या दवाखान्यातून निघालेली वाट

१९७० च्या सप्टेंबरात दोन डॉक्टर जामखेडला बिऱ्हाड घेऊन आले. दवाखाना थाटायला गावाने त्यांना जागा दिली ती जनावरांच्या जुन्या, ओस पडलेल्या दवाखान्याची. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे ते दाम्पत्य. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे, वर्गात अव्वल ठरलेले, आणि अमेरिकेत पुढचं शिक्षण घेऊन नुकतेच परतलेले. नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, आग्नेय टोकाला, बीड-धाराशिव-सोलापूरच्या बाजूला असलेला हा तालुका. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, दुष्काळ पाचवीला पुजलेला. असलाच भाग त्यांनी मुद्दाम शोधला होता.

इथे उभ्या राहिलेल्या सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्पाला आता पन्नासहून अधिक वर्षं झाली. त्याच्याबद्दल इंग्रजीत पुष्कळ लिहिलं गेलं, जगभरच्या विद्यापीठांत तो शिकवला गेला. मराठीत मात्र, आणि त्यातही आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळींत, त्याची चर्चा व्हावी तेवढी झाली नाही. रोग्यांविषयी येशूला वाटलेल्या कळवळ्यावर आपण दर रविवारी काही ना काही ऐकतो. कुष्ठरोगी, आंधळा, पक्षाघाती, याईराची मुलगी या गोष्टी लहानपणापासून पाठ असतात. तो कळवळा एखाद्या दुष्काळी तालुक्यात उतरवायचा तर कुणाच्या हाती काय सोपवावं लागतं, हे मला जामखेडने समजावलं. म्हणून ही वाटचाल सांगतो आहे.

महाराष्ट्रात येशूच्या नावाने रोग्यांची सेवा काही १९७० मध्ये सुरू झाली नव्हती. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेला त्यांचं इस्पितळ उभं राहिलं. कर्नाटकापासून कोकणापर्यंतची माणसं बैलगाडीने, पुढे रेल्वेने तिथे शस्त्रक्रियेला येत. वानलेसवाडी हे नाव आजही सांगली-मिरजेच्या मधल्या वस्तीला आहे. वेंगुर्ला, जालना, नगर, वडाळा अशा कितीतरी ठिकाणी मिशनचे दवाखाने निघाले. परिचारिकेचं काम हलकं समजलं जाई त्या काळात या दवाखान्यांनी मराठी मुलींना नर्सिंग शिकवलं. प्लेगमध्ये, पटकीमध्ये, इतर दवाखाने पाठ फिरवत तेव्हा यांची दारं उघडी राहिली. या परंपरेचं ऋण मोठं आहे आणि आरोळ्यांनीही ते कधी नाकारलं नाही. त्या परंपरेच्या पोटातूनच ते आले.

रजनीकांत नगर जिल्ह्यातलेच, शिक्षक आई-वडिलांचा मुलगा. मेबल इमॅन्युएल यांचं बालपण जबलपूरचं. वडील तिथल्या धर्मशास्त्र महाविद्यालयात नव्या कराराची ग्रीक भाषा शिकवत. म्हणजे शुभवर्तमानं ज्या भाषेत लिहिली गेली तीच त्यांच्या घरात रोजची होती. वेल्लोरला दोघांची गाठ पडली. डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० मध्ये एका खाटेवर सुरू केलेला तो दवाखाना एव्हाना देशातलं नामवंत वैद्यकीय महाविद्यालय झाला होता. सेवा करून घ्यायला नव्हे तर सेवा करायला आलो, हा येशूच्या बोलण्याचा आशय त्या महाविद्यालयाने ब्रीद म्हणून घेतला आहे. डॉ. पॉल ब्रँड त्याच वर्षांत तिथे कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करून त्यांना पुन्हा कामाचा हात मिळवून देत होते. अशा वातावरणात हे दोघं वाढले. १९६० मध्ये लग्न झालं आणि खेड्यातल्या, कुणी न विचारलेल्या माणसांसाठी आयुष्य द्यायचं, हा शब्द त्यांनी एकमेकांना दिला.

पहिली काही वर्षं नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात गेली. अमेरिकन मराठी मिशनचं हे जुनं ठाणं. दोघांनी तिथे जीव ओतून काम केलं. रोगी येत, बरे होत, आशीर्वाद देत, घरी जात. काही महिन्यांनी तेच रोगी त्याच दुखण्याने परत येत. जुलाबाने सुकलेलं पोर सलाइनवर तरतरीत होऊन आईच्या कडेवर घरी जाई आणि पुन्हा त्याच विहिरीचं गढूळ पाणी पिई. अडलेली बाळंतीण दोन दिवस वेणा देऊन, सुइणीने हात टेकल्यावर, गाडीत घालून आणली जाई. कधी ती वाचे, कधी नाही. डॉक्टर कितीही कनवाळू असला तरी तो इस्पितळाच्या दारात बसलेला, आणि आजार गावात जन्मणारा. यातले बहुतेक आजार मुळात टाळता येण्यासारखे होते. हे लक्षात आल्यावर दोघांना स्वस्थ बसवेना.

या अस्वस्थतेत ते एकटे नव्हते. १९६४ मध्ये जर्मनीत ट्यूबिंगेनला चर्चच्या वैद्यकीय कामाचा विचार करणारी मंडळी जमली होती. रोग्याला बरं करणं ही सबंध मंडळीची जबाबदारी आहे, ती फक्त डॉक्टरांवर आणि इस्पितळांवर सोपवून मोकळं होता येणार नाही, असा विचार तिथे मांडला गेला. त्यातून पुढे १९६८ मध्ये जिनिव्हाला ख्रिश्चन मेडिकल कमिशन निघालं. चर्चचा आरोग्यावरचा बहुतेक पैसा इस्पितळांच्या भिंतींच्या आत खर्च होतो आणि भिंतीबाहेरच्या माणसाला त्यातलं फारसं मिळत नाही, हे त्या लोकांनी आपल्याच संस्थांना स्पष्ट सांगितलं. आपल्याच घराला असा सवाल करायला धैर्य लागतं.

आरोळे अमेरिकेला गेले, वैद्यक आणि शस्त्रक्रियेचं प्रगत प्रशिक्षण घेतलं, आणि शेवटी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तिथे गुरू मिळाले डॉ. कार्ल टेलर, मसुरीला जन्मलेले मिशनरी घरातले. एका गरीब तालुक्यात, लोकांच्या सहभागाने, थोड्या पैशांत आरोग्याचं काम कसं उभं राहील याचा आराखडा दोघांनी तिथेच आखला. तो घेऊन ते परतले आणि जामखेडला आले.

पण आराखड्यात नव्हतं ते गावाने पहिल्याच दिवसांत सांगितलं. लोकांना औषध नको होतं असं नाही, पण त्याआधी त्यांना पाणी हवं होतं आणि खायला हवं होतं.

योहानाच्या शुभवर्तमानात यरुशलेमेतल्या बेथेसदा तळ्याची गोष्ट आहे. अडतीस वर्षं आजारी असलेला माणूस तळ्याकाठी पडून आहे. येशू त्याला काय विचारतो? तुला बरं व्हायचं आहे का, असं. लहानपणी मला हा प्रश्न निष्ठुर वाटायचा. अडतीस वर्षं पडून असलेल्या माणसाला हे काय विचारायचं? आरोळ्यांची हकीकत वाचल्यावर त्या प्रश्नातला आदर कळला. रोग्याला आधी विचारायचं. त्याच्या वतीने त्याची गरज आपण ठरवून मोकळं व्हायचं नाही. त्या माणसानेही सरळ उत्तर न देता आपली खरी अडचण सांगितली: पाणी हलतं तेव्हा मला तळ्यात सोडायला कुणी नाही. जामखेडच्या लोकांनीही विचारल्यावर आपली अडचण सांगितली, आणि दोन निष्णात डॉक्टर पाण्याच्या मागे लागले.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. त्या वर्षाची आठवण मराठवाड्यात आणि नगर-सोलापूरच्या पट्ट्यात अजून जिवंत आहे: खडी फोडायची कामं, सुकडी, मिलो ज्वारी. जामखेडच्या प्रकल्पाने लहान पोरांसाठी गावोगाव जेवण सुरू केलं. गावातल्या बायांनीच रांधायचं, गावातल्या तरुणांनीच लाकूडफाटा-पाणी आणायचं, आणि सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसवायची. पोटात भूक असताना आईबापांनी ती पंगत मान्य केली. कूपनलिका खोदायच्या वेळी आरोळ्यांनी ठरवून पाण्याच्या जागा दलित वस्तीत धरल्या. आता पाणी हवं असेल तर सगळ्या गावाला हंडे घेऊन तिकडे जावं लागणार होतं. ज्या वस्तीला आजवर गावाच्या विहिरीवर पाय ठेवू दिला नाही, त्याच वस्तीत गावाला रांग लावायला लागली. भाषणं झाली असती तर दोन तट पडले असते. हंड्याने ते काम केलं.

याईराच्या घरी काय घडलं, ते इथे आठवतं. बारा वर्षांची मुलगी मेली म्हणून घरात रडारड चालली होती. येशू आत गेला, तिचा हात धरला, तिला उठवलं. सगळे थक्क झाले. त्या गडबडीत तिला काहीतरी खायला द्या, हे त्यानेच सांगितलं. मार्काने हा तपशील वगळला नाही याचं मला फार अप्रूप वाटतं. मृत्यूतून परत आणणाऱ्याला मुलीच्या पोटातली भूकही दिसली. जामखेडच्या पंगती त्याच जातीच्या आहेत.

आरोग्याच्या कामाची खरी कलाटणी पुढेच होती. मूळ बेत असा होता की शिकलेल्या सहायक परिचारिका-प्रसाविका खेड्यांत राहतील आणि बाया-पोरांची काळजी घेतील. बेत चांगला होता, पण गावात तो रुजला नाही. बाहेरून आलेली तरुण, बिनलग्नाची मुलगी; तिला राहायला सुरक्षित जागा नाही, सोबत नाही. आणि चार लेकरांची आई अशा पोरीचं बाळंतपणातलं ऐकणार कशी? तेव्हा गावकऱ्यांमधूनच सूचना आली: आमच्याच गावातली बाई घ्या ना. वेल्लोरचे आणि हॉपकिन्सचे पदवीधर यावर हसू शकले असते. त्यांनी ऐकलं.

मग गावांनी आपापल्या बाया निवडून दिल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या, काही नवऱ्याने टाकलेल्या, काही विधवा. यांना ग्रामआरोग्यसेविका करायचं होतं. त्या जामखेडला प्रशिक्षणाला येत, एकत्र जेवत, एका खोलीत मुक्काम करत. वेगवेगळ्या जातींच्या बायांनी एका ताटाजवळ बसणं हे त्या काळात सोपं नव्हतं. पहिल्या-पहिल्यांदा कुणी शिदोरी सोडून वेगळं बसे, कुणी अंग चोरून झोपे. हा अवघडलेपणा सुटायलाच वेळ गेला, आणि तो सुटल्याशिवाय औषधाचं शिकवून उपयोग नव्हता, कारण उद्या हीच बाई गावात कुणाच्याही उंबऱ्याच्या आत जाणार होती.

त्या शिकल्या काय? पोराला जुलाब लागले की पाणी बंद करायचं नाही, उलट पाजायचं. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चाखून पाहायचं, डोळ्यातल्या आसवापेक्षा खारट लागलं तर फेकून द्यायचं. गावात तर पोर जुलाबाने सुकायला लागलं की आधी पाणी तोडण्याचीच चाल होती. बाळंतपणाला पुडी: उकळून निर्जंतुक केलेलं पातं, दोरा, कापूस-कापड, कोयत्याने नाळ कापायची नाही, तिच्यावर राख लावायची नाही. बाळंतिणीचा पहिला चीक पिळून टाकायचा नाही, बाळाला पाजायचा. पोटुशीने अर्धपोटी राहायचं नाही. मूल लहान राहिलं की सुटका सोपी होते ही समजूत कितीतरी आया आणि बाळं घेऊन गेली होती. पोरांचं वजन करायचं, दंडाचा घेर मोजायचा. अंगावरचा चट्टा बधिर आहे का ते पाहायचं. तीन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासायला पाठवायचं. आणि जे आपल्या आवाक्यात नाही ते वेळेवर ओळखून जामखेडला न्यायचं. शेवटचं कौशल्य सगळ्यांत अवघड. पदवीधर डॉक्टरांनाही ते चटकन येत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात येशू बारा शिष्यांना गावोगाव पाठवतो. रोग बरे करायचा अधिकार देऊन पाठवतो, आणि वाटेसाठी झोळी, भाकर, पैसा काही घेऊ नका म्हणतो. नंतर आणखी सत्तरांना पाठवतो. ही माणसं कोण? कोळी, जकातदार, गालीलातली साधीसुधी. पुढे यरुशलेमेतल्या शहाण्यांनीही त्यांना अशिक्षित म्हणूनच ओळखलं. शुभवर्तमानातल्या चमत्कारांची चर्चा आपण पुष्कळ करतो, पण बरं करण्याची ताकद येशूने स्वतःपाशी धरून ठेवली नाही, ती वाटून टाकली, या गोष्टीकडे आपलं दुर्लक्ष होतं. कळवळा आला तेव्हा त्याने स्वतः हात लावला, आणि मग तेच काम करायला दुसऱ्यांना पाठवलं. दवाखान्याच्या दारावर लांबलचक रांग लागावी आणि डॉक्टर देवमाणूस ठरावा, हे त्याच्या मनात नव्हतं असं मला ठामपणे वाटतं. रोग्यांना डॉक्टरची गरज सरावी म्हणून डॉक्टरने झटायचं, हे जामखेडने करून दाखवलं.

मुक्ताबाई पोळ या त्या सेविकांपैकी एक. १९८८ मध्ये त्यांना वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलायला नेण्यात आलं. सभागृहात झगमगती झुंबरं होती. मुक्ताबाईंनी ती श्रोत्यांना दाखवली आणि सांगितलं की डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, देखणे पण महागडे, हाताला न लागणारे. मग पिशवीतून वातीचे दोन साधे दिवे काढले, एक पेटवला आणि त्याच्यावर दुसरा लावला. हा दिवा स्वस्त आहे, आणि झुंबराला जमत नाही ते याला जमतं, एका दिव्यावरून दुसरा लावता येतो. मी असा दिवा आहे, असं त्यांचं म्हणणं. हजारो मैलांवरचं ते सभागृह त्यांच्यासाठी उभं राहिलं. या प्रसंगाबद्दल बोलताना लोक झुंबराची उपमा सांगतात. मला त्यातली दुसरी वात महत्त्वाची वाटते. मुक्ताबाईंच्या मागे अशा किती बाया उभ्या होत्या ते तिथल्या श्रोत्यांना माहीत नव्हतं. जामखेडच्या खेड्यांना माहीत होतं.

कुष्ठरोगाचं काम स्वतंत्र सांगायला हवं. गावात चट्टा उठला, बोटं झडायला लागली की माणसाला वेशीबाहेर घालवलं जाई. त्याची सोय म्हणून जागोजाग कुष्ठाश्रम निघाले, कित्येक ख्रिस्ती मिशनऱ्यांनीच काढले, आणि तिथे माणसांना जगण्याची जागा मिळाली. जामखेडने त्याच्याही पुढे जायचं ठरवलं. कुष्ठरुग्णासाठी वेगळा वॉर्ड नाही, वेगळी ओपीडी नाही. बाकीच्यांच्या रांगेत तो, बाकीच्यांच्या शेजारच्या खाटेवर तो. आरोग्यसेविका त्याच्या घरी जाऊन औषध देणार, जखमेची निगा राखणार. तो घरीच राहणार, मुलांत, शेतात, गावच्या सणावारात.

मार्काने कुष्ठरोग्याची गोष्ट सांगितली आहे तिचा क्रम नीट पाहावा. लेवीय पुस्तकातल्या नियमाप्रमाणे अशा माणसाने छावणीबाहेर राहायचं आणि कुणी जवळ आलं तर आपण अशुद्ध असल्याचं ओरडून सांगायचं. येशूला कळवळा आला, हात पुढे करून तो त्याला शिवला, आणि मग त्याला बरं केलं. शिवणं आधी आलं. बरं झाल्यावर त्याला याजकाकडे पाठवलं, कारण गावाने परत घ्यायचं तर याजकाचा दाखला लागायचा. म्हणजे कातडी साफ होऊन भागणार नव्हतं, माणूस आपल्या माणसांत परतायला हवा होता. आपल्याकडे बहुविध औषधोपचार ऐंशीच्या दशकात आले आणि कुष्ठरोग खरोखर बरा होऊ लागला, तो विज्ञानाचा मोठा विजय. पण औषध पोटात गेलं तरी घरचं दार उघडतंच असं नाही. जामखेडने दार उघडून ठेवायचं काम आधीपासून चालवलं होतं.

रक्तस्रावाने बारा वर्षं पिडलेल्या बाईची गोष्टही याच माळेतली. किती वैद्यांच्या हातून तिने सोसलं, होतं नव्हतं ते सगळं खर्चून बसली, आणि दुखणं वाढतच गेलं, असं मार्क सांगतो. पौल ज्याला प्रिय वैद्य म्हणतो त्या लूकने हीच गोष्ट सांगताना वैद्यांवरचा ठपका बराच सौम्य केला आहे. आजारपणाने सावकाराच्या दारात गेलेलं कुटुंब दुष्काळी भागात कुणाला माहीत नाही? त्या बाईला विटाळाची म्हणून गर्दीत शिरायची मुभा नव्हती. तरी ती शिरली, मागून त्याच्या वस्त्राला शिवली आणि बरी झाली. येशू तिला तशीच जाऊ देत नाही. थांबतो, कोण ते विचारतो, तिची सगळी हकीकत भर गर्दीत ऐकून घेतो आणि तिला मुली म्हणून हाक मारतो. याईराची मुलगी शेवटचे श्वास मोजत असताना तो या बाईसाठी थांबला. ही हकीकत ऐकून घेणं, विटाळ बाजूला ठेवणं, हेच प्रशिक्षणाच्या खोलीत बसून या सेविकांनी केलं. आधी एकमेकींची ऐकली, मग गावातल्या बायांची.

आकड्यांतही हे सगळं दिसलं. १९७१ च्या सुमारास या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. पाच वर्षांनी हा आकडा ५२ वर आला. नव्वदच्या दशकात तो तिशीच्या आत गेला. १७६ या आकड्याचा अर्थ असा की पाच-सहा बाळंतिणींमागे एकीची कूस वर्षाच्या आत रिती होत होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये काढलेल्या, लोकांनीच उभारलेल्या आरोग्यव्यवस्थांवरच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं. तेव्हा संघटनेचे प्रमुख होते डॉ. हाफडान मालर, डेन्मार्कच्या बाप्टिस्ट उपदेशकाचे चिरंजीव, भारतात क्षयरोगाच्या कामात दशकभर राहिलेले. १९७८ च्या अल्मा-आता परिषदेत सर्वांसाठी आरोग्य हे ध्येय जाहीर झालं त्याच्या मागच्या विचारांत जामखेडचा वाटा होता. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये रजनीकांतांना पद्मभूषण. १९९४ मध्ये दोघांचं जामखेडवरचं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं.

प्रकल्पाने कधी कुणाला धर्म सोडायला सांगितलं नाही. गावं बहुतांश हिंदू, काही घरं मुसलमानांची, सेविका त्यातल्याच. आरोळ्यांनी आपली श्रद्धा लपवली नाही आणि कुणावर लादलीही नाही. शुभवर्तमानातल्या रोग्यांपैकी कुणाकडूनही येशूने आधी कसली कबुली लिहून घेतली नव्हती, आणि दहा कुष्ठरोगी बरे झाले तेव्हा आभार मानायला परत आलेला एकटाच निघाला, तोही परका शोमरोनी. बाकीच्या नऊ जणांचं बरं होणं त्याने काढून घेतलं नाही. आपल्याकडे मिशनच्या सेवेबद्दल जो संशय वारंवार काढला जातो त्याला जामखेडची ही पन्नास वर्षं उत्तर म्हणून पुरेशी आहेत.

अवघड भागही सांगायला हवा. जामखेडची नक्कल पुष्कळ ठिकाणी झाली आणि बहुतेक ठिकाणी तिला तेवढं यश आलं नाही. कारण उघड आहे: सेविका उचलून नेता येते, प्रशिक्षणाचा तक्ता नेता येतो, पण दलित वस्तीतली कूपनलिका, गावागावांत उभी राहिलेली तरुण शेतकरी मंडळं, महिला मंडळं, आणि वर्षानुवर्षं गावात राहून कमावलेला विश्वास नेता येत नाही. २००५ मध्ये देशभर आशा कार्यकर्त्या आल्या. गावातलीच बाई गावाचं आरोग्य सांभाळेल, ही कल्पना तीच. पण आशाताईंच्या वाट्याला कामांची आणि नोंदींची यादी आली, आणि मोबदल्यासाठी दर काही वर्षांनी रस्त्यावर यायची वेळ. त्यांना मान देणारी, त्यांच्याकडून शिकणारी वरची माणसं फार थोडी. कळवळ्याला सरकारी चौकट लागते हे खरं, पण नुसत्या चौकटीत तो आपोआप उतरत नाही.

मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. मुलगी डॉ. शोभा आरोळे आणि मुलगा रवी आरोळे यांनी काम पुढे नेलं. इस्पितळ नवं झालं, आणि पाय गमावलेल्यांसाठी इथल्याच कारागिरांनी बनवलेले जयपूर फूट अजून बसवले जातात. रोगांची जात बदलली. जुलाबाने मरणारी पोरं आता क्वचित, पण साखर आणि रक्तदाबाने गाव भरलं आहे, कर्जाने आणि दारूने घरं मोडतात, आणि पहिल्या पिढीच्या सेविका आता स्वतः आजी झाल्या आहेत. त्यांच्या शिकलेल्या सुना-मुलींना त्यांच्यासारखा बिनपगारी मान पुरणार नाही, त्यांना नोकरी हवी, आणि त्यांचं ते मागणं रास्त आहे. या प्रश्नावर जामखेडमध्येही सोपं उत्तर नाही.

नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या इथल्या प्रशिक्षण संस्थेत देशोदेशींचे डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक, सरकारी अधिकारी शिकायला येतात. आफ्रिकेतून येतात, अमेरिकेतून येतात, आपल्याच वैद्यकीय महाविद्यालयांतून येतात. त्यांना शिकवणाऱ्यांत या सेविका असतात. कुणी अंगठा उठवण्यापासून सुरुवात केली होती, कुणी नवऱ्याच्या माराला कंटाळून गाव सोडायला निघाली होती. गरोदर बाईच्या पोटावर हात ठेवून बाळ आडवं आहे का ते कसं ओळखायचं, आणि गावात पहिल्यांदा गेल्यावर आधी गप्प बसून ऐकायचं कसं, हे त्या पदवीधरांना मराठीतच सांगतात. शेजारी दुभाषा असतो.